मुका मार

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एवढं मनात आणा. तुम्हाला तोंड आहे, चांगलं ऐसपैस तोंड, पण त्यावर फिरकीचं झाकण घट्ट बसवलेलं आहे. तुम्ही एका मुलीच्या कानामागे टेकून बसला आहात. तिच्या डोक्यात काहीतरी वाईट घडतं आहे आणि ते तुम्हाला कळतं आहे. भोवती माणसं आहेत, चांगली, मायाळू माणसं. ती तुमच्याकडे पाहतात आणि म्हणतात, चला, आता काळजी नाही. त्या झाकणाखालून तुम्ही कसे ओरडाल?

मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. रबरी कापडाची, विटकरी रंगाची, पोटाला चुण्या पडलेली. कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला ठाऊक नाही. नांदेडच्या एका औषधाच्या दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. तिथून मला नायगावच्या ईश्वरप्पांनी विकत घेतलं. त्यांच्या पत्नीचे, शरणम्माआजींचे, गुडघे फार दुखायचे. आमच्या भागात दुखणं कुठलंही असो, घरचा उपाय एकच, शेक. तव्यावर फडकं तापवा, वीट तापवा, मीठ तापवा, पण शेका. ईश्वरप्पांना वाटलं, ही शेकायचीच पिशवी. घरी नेऊन त्यांनी माझ्या पोटात कढत पाणी ओतलं. बर्फासाठी जन्मलेली मी, माझी पहिली वर्षं गरम पाण्यात गेली. आजींना बरं वाटायचं, म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही.

ईश्वरप्पांची नात अक्षरा. शाळेच्या क्रिकेट संघात ती यष्टींच्या मागे उभी राहायची आणि फलंदाजीला सगळ्यांत आधी जायची. एकदा संघातल्या एका मुलीचा घोटा मुरगळला, तेव्हा अक्षराने घरी धावत येऊन मला खुंटीवरून ओढलं आणि मैदानावर नेलं. तिथले क्रीडाशिक्षक मन्मथ सर मला उलटंपालटं करून हसायला लागले.

"अगं, ही तर बर्फाची पिशवी हाय. तुझ्या आज्यानं बर्फाच्या पिशवीला भट्टी दाखवली की."

त्या दिवसापासून मी संघाची झाले. मैदानाच्या कडेला आनंदराजची रसवंती होती. तिथे पोत्यात भुशाखाली बर्फाची लादी असायची. आनंदराज ती फोडून माझं पोट भरून द्यायचा, म्हणून माझ्या अंगाला कायम उसाच्या रसाचा वास. सुकन्या नावाची एक मुलगी मला सांभाळायची. संघात ती बारावी खेळाडू. कुणी आजारी पडलं तरच तिला खेळायला मिळायचं. एरवी पाण्याच्या बाटल्या आणि मी, एवढंच तिचं काम.

मन्मथ सर मनापासून शिकवत. घोटा मुरगळला की आधी खेळ थांबवायचा. पाय उशीवर किंवा दप्तरावर उंच ठेवायचा. मला थेट कातडीवर नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून लावायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं. मग दोन तास विसावा आणि पुन्हा बर्फ. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही की शेकायचं नाही, कारण आत आधीच सूज धरलेली असते आणि गरम शेकाने ती वाढते. पायावर भारच देता येत नसेल तर एक्स-रे काढायचा. हे शेवटचं ऐकून मुलींच्या आया नाराज व्हायच्या. घरी गेलं की त्या हळदीचा लेप कढवून तयार ठेवत.

सर्वांत जास्त हाल बोटांचे. चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की बोट आत दबतं. मग शेजारची कुणीतरी शहाणी ते धरून खसकन ओढते, कडकन आवाज येतो आणि सगळे म्हणतात, बसलं जागेवर. मित्रांनो, ते जागेवर बसलेलं नसतं. हाडाला चीर गेली असेल तर ओढल्याने ती मोठी होते. सर ओढणारीचा हात धरायचे, दुखऱ्या बोटाला शेजारच्या बोटाचा आधार देऊन पट्टी बांधायचे आणि मुलीला दवाखान्यात पाठवायचे.

तर अशी माझी चांगली वर्षं होती. मुली मला 'थंडीबाई' म्हणायच्या. मी पेटीत आहे एवढं पाहूनच त्यांना धीर यायचा. थंडीबाई हाय ना, मग कशाला भ्यायचं, असं म्हणून त्या मैदानात उड्या घ्यायच्या. मलाही तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं.

पण एक शब्द होता, तो मला पहिल्यापासून आवडला नाही. चेंडू लागला, रक्त आलं नाही, कातडी फाटली नाही, की लगेच कुणीतरी म्हणायचं, "मुका मार हाय." म्हणजे मार आहे पण तो बोलत नाही. आणि जो बोलत नाही त्याच्याकडे कोण बघतं? गुडघा खरचटून दोन थेंब रक्त आलं तर दहा जणी धावायच्या. मुका मार लागलेली मुलगी मात्र मला कवटाळून एकटी बसायची.

सुकन्या पायाळू होती. आईच्या पोटातून ती पायाकडून बाहेर आली होती. आमच्याकडे समजूत आहे की पायाळू माणसाने पाठीवर पाय लावला की उसण जाते. लहानपणापासून गल्लीतल्या बायका सुकन्याला उचलून न्यायच्या, कुणा काकांच्या, कुणा मामीच्या कमरेवर तिचा पाय टेकवायच्या आणि हातावर खडीसाखर ठेवून परत पाठवायच्या. सगळ्यांना तिचा पाय हवा असायचा. तिला काय वाटतं, हे कुणी विचारत नव्हतं.

राजश्री आमची वेगवान गोलंदाज. हंगामभर तिने इतकी गोलंदाजी केली की तिची कंबर खालच्या बाजूला ठणकायला लागली. वाकलं की ठणका, चेंडू टाकताना मागे झुकलं की कळ. सर त्या आठवड्यात गावी गेले होते. मुलींनी राजश्रीला पालथं झोपवलं आणि सुकन्याला हाक मारली. सुकन्या हळूच म्हणाली की हे उसणीसारखं वाटत नाही, डॉक्टरांना दाखवू. मुली हसल्या. पाय लाव म्हटलं की लाव, एवढी कामून भाव खाऊन राहिलीस, असं कुणीसं म्हणालं. सुकन्याने पाय लावला. वरून मला ठेवलं. राजश्री उठली, बरं वाटतंय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोलंदाजी करायला गेली.

तिच्या मणक्याच्या हाडाला बारीक चीर गेली होती. वाढत्या वयाच्या गोलंदाजांना, न थांबता टाकत राहिलं तर, असं होतं. विश्रांती हेच त्यावर औषध, आणि त्याआधी खबरदारी म्हणजे दिवसाला किती षटकं टाकायची हे ठरवून तिथेच थांबणं. राजश्रीचं सगळं वर्ष अंथरुणात आणि कमरेच्या पट्ट्यात गेलं. तिला कुणी दोष दिला नाही, सुकन्यालाही नाही. पण त्यानंतर गल्लीतून कुणी बोलवायला आलं की सुकन्या मागच्या दाराने निघून जायची. मी दप्तरात असायचे, मला तिची धाप ऐकू यायची.

आता त्या दिवसाकडे येते.

एप्रिल होता. नांदेडला सामना होता आणि विभागाच्या शिबिरासाठी मुली निवडायला दोन निवडकर्त्या आल्या होत्या. अक्षरासाठी हा सामना म्हणजे सर्व काही होता. तिचे वडील अमरनाथ यांचं नायगावात किराणा दुकान आहे. त्यांनी घरात स्पष्ट सांगितलं होतं की जूनपासून अक्षरा लातूरला जाणार, क्लासला बसणार आणि बॅट माळ्यावर जाणार. शिबिरात नाव आलं तरच ते पुन्हा विचार करणार होते.  जीपमध्ये सुकन्याने अक्षराच्या हातात खारे शेंगदाणे दिले, ते तिने सारा रस्ता तसेच मुठीत धरून ठेवले.

आधी समोरचा संघ फलंदाजीला आला. ऊन असं की माझ्यातला बर्फ भराभर पाणी होत होता. पाणी प्यायला थांबल्यावर अक्षराने हेल्मेट काढून सुकन्याकडे दिलं. घाम डोळ्यांत जातो, म्हणाली. सरांनी पाहिलं. फिरकी चालू आहे, तेव्हा असू दे, म्हणाले. फिरकी असते तेव्हाच तर कीपर यष्टींना चिकटून उभी असते, मित्रांनो. तेव्हाच हेल्मेट हवं.

पुढच्याच षटकात चेंडू बॅटची कड घेऊन उसळला आणि अक्षराच्या कानामागे लागला. फार मोठा आवाज झाला नाही. नारळ जमिनीवर ठेवताना होतो तेवढाच. ती गुडघ्यावर बसली आणि लगेच उठली. सर धावत आले, केस बाजूला करून पाहिलं. रक्त नव्हतं. टेंगूळही धड आलं नव्हतं.

"मुका मार हाय," सर म्हणाले. "बर्फ लावा."

उरलेला डाव अक्षराने कुठेतरी सीमेजवळ उभं राहून काढला. मग मधल्या सुट्टीत तिला लिंबाच्या सावलीत बसवलं आणि सुकन्याने मला तिच्या कानामागे धरलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट वेळ तिथून सुरू झाली.

अक्षराने विचारलं, टॉस कोणी जिंकला. सुकन्याने सांगितलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. उजेड टोचतो म्हणून ती डोळे मिटत होती. पॅड बांधताना डावा उजव्या पायाला लावत होती. मग ती एकदम उठली, झाडामागे गेली आणि ओकली. तोंड पुसून परत आली आणि थोड्या वेळाने पुन्हा गेली.

सुकन्या उठायला लागली तशी अक्षराने तिचं मनगट धरलं.

"कुणाला सांगू नको. सांगितलंस तर तुला माझ्या गळ्याची आण हाय."

शहरातल्या मुलांना कदाचित हे समजणार नाही. आमच्याकडे आण मोडली तर ती मोडणाऱ्याला बाधत नाही. ज्याच्या गळ्याची घातली, त्याला बाधते. सुकन्या हे ऐकतच मोठी झाली होती. बोललं तर अक्षरा मरणार. आणि नाही बोललं तर? राजश्रीच्या कमरेवर टेकलेला आपला पाय ती विसरली नव्हती.  मला वाटत होतं की माझी शिवण उसवावी, सगळं पाणी या मुलीच्या अंगावर सांडावं, काहीतरी व्हावं ज्याने माणसं इकडे वळून पाहतील. माझी शिवण पक्की होती. मी थंड होते आणि जागच्या जागी होते. माझ्याकडून तेवढंच होत होतं.

सुकन्याने आण न मोडता सांगायचा प्रयत्न केला. ती सरांजवळ गेली आणि म्हणाली की अक्षराला कसंतरी होतंय. सर निवडकर्त्यांशी बोलत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळा, मुका मार लई दुखतो. बर्फ हाय ना लावलेला?"

"हाव सर."

"मग झालं की."

मित्रांनो, ते माझ्याकडे बोट दाखवत होते. ज्या मुलीला त्या क्षणी दवाखान्यात न्यायला हवं होतं, तिच्यासाठी काहीतरी केलं आहे याचा पुरावा म्हणजे मी. मुरगळलेल्या घोट्याला मी उपयोगी पडते. डोक्याच्या आत जे होतं तिथे माझा थंडावा पोचत नाही. मी तिथे नसते तर निदान कुणी घाबरलं तरी असतं.

डाव सुरू झाला. अक्षरा हेल्मेट घालून चालत गेली आणि चुकून गोलंदाजाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुली हसल्या. साथीदाराने तिला हाताला धरून दुसऱ्या टोकाला नेलं. पहिला चेंडू तिच्याजवळून गेल्यावर तिने बॅट फिरवली. आता कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. गोलंदाज पुन्हा आपल्या खुणेकडे चालली. उंच मुलगी होती, चेंडू छातीपर्यंत उसळवत होती. एकदा हादरलेल्या डोक्याला दुसरा हादरा बसला, मग तो हलका का असेना, तर काय होऊ शकतं हे त्या मैदानावर कुणाच्याच मनात येत नव्हतं.

सुकन्या मला काखेत धरून सीमेवर उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती देवाला काहीतरी सांगत होती, बहुतेक अक्षराऐवजी माझा गळा घे म्हणत होती. मग ती धावली.

पंच ओरडले. सरही ओरडले. ती थांबली नाही. ती अक्षराच्या मागे गेली आणि तिन्ही यष्टी एकेक करून जमिनीतून उपटल्या. त्या घट्ट होत्या, तिसरी निघेना म्हणून तिने ती दोन्ही हातांनी हलवून काढली. मी तिच्या काखेत चिरडले जात होते. यष्टी छातीशी धरून ती खेळपट्टीवर बसली आणि रडत म्हणाली,

"दोनदा ओकली ती. टॉस कोणी जिंकला ते मला तीनदा विचारलंय. मी यष्टी देणार न्हाई."

सर जवळ आले तेव्हा रागात होते. त्यांनी अक्षराचं हेल्मेट वर केलं आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचा राग कुठे गेला ते मला दिसलंच नाही. त्यांनी तिथेच गुडघ्यावर बसून तिचे पॅड सोडले.

अक्षरा सरांकडे पाहत नव्हती.

"तू आण मोडलीस," ती सुकन्याला म्हणाली.

दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढला. आत थोडा रक्तस्राव होता. डॉक्टर चंद्रप्रभाताईंनी सांगितलं की शस्त्रक्रिया लागेल की नाही ते एक-दोन दिवसांत कळेल, तोवर हिच्यावर नजर ठेवायची. अमरनाथ दुकान उघडं टाकून आले होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले, लेकीच्या बॅटची पिशवी दोन्ही हातांत धरून. मन्मथ सर त्यांच्यासमोर गेले.

"मी बर्फ पाहिला, अमरनाथजी," सर म्हणाले. "लेकरू पाहिलं न्हाई."

अमरनाथ बाकावर बसले. त्यांनी शेजारी सरांसाठी जागा केली.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझं रबर चिकट झालंय, झाकणातून पाणी पाझरतं. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. डोक्याला मार लागला की, रक्त असो नसो, त्या दिवशीचा खेळ तिथेच संपवा. मुलगा म्हणेल मी बरा आहे, मुलगी म्हणेल मला काही होत नाही. लागलेलं डोकं स्वतःबद्दल खरं सांगू शकत नाही, त्याची साक्ष काढू नका. उलटी, गरगरणं, तेच तेच विचारणं, एकाचे दोन दिसणं, वाढत जाणारी डोकेदुखी, नको तेव्हा येणारी झोप, यांतलं काहीही दिसलं तर माझी वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, गाडी काढा. पुन्हा मैदानात कधी उतरायचं ते डॉक्टर ठरवतील. यष्टींजवळ उभं राहताना, फलंदाजीला जाताना, डोक्याला नीट बसणारं हेल्मेट घाला, घाम आला तरी घाला. त्यावर एकदा जोराचा चेंडू आदळला की नवं घ्या. आणि तुमच्या मित्राने गप्प बसण्याची आण घातली, तर ती आण मी माझ्या गळ्यावर घेते. मला गळा नाही, नुसतं तोंड आहे, पण घेते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अक्षराची आई गरम पाणी आणायला खाली गेली होती आणि खाटेजवळच्या स्टुलावर सुकन्या बसली होती. मी रिकामी, तिच्या मांडीवर. डॉक्टरताईंनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की थोड्या थोड्या वेळाने हिच्याशी बोला, नाव विचारा, वार विचारा. चुकली, अडखळली किंवा उत्तरच दिलं नाही, तर लगेच आम्हाला हाक मारा.

अक्षराचं तोंड भिंतीकडे होतं. सकाळपासून ती सगळ्यांशी बोलली होती, फक्त सुकन्याशी नाही. शिबिराच्या मुलींची नावं आदल्या संध्याकाळी लागली होती आणि तिचं त्यात नव्हतं.

"तुझं नाव काय?" सुकन्याने विचारलं.

भिंतीकडून काही आलं नाही.

"कोणत्या गावात हायेस?"

पंखा फिरत होता. सुकन्या थोडी पुढे वाकली.

"आज वार कोणता हाय, अक्षरा?"

 तिने मला उचलून खाटेच्या कडेवर ठेवलं आणि ती उठली. कट्टी आहे की दुखणं आहे, हे ती तपासत बसली नाही. ती सरळ दाराकडे निघाली, परिचारिकेला हाक मारायला.

"रविवार," मागून आवाज आला. "नांदेड. अक्षरा अमरनाथ. बस की खाली, कुठं निघालीस."

सुकन्या दारात थांबली. तिने ओढणीने नाक पुसलं. मग तिने तरीही परिचारिकेला हाक मारली, एकदा डोळ्यांत बॅटरी मारून बघा म्हणून, आणि परत येऊन स्टुलावर बसली.